बाशी-चिलेक्वाचा विस्तव

बाशी-कासुबाने पुडी गटारावर उलटी केली ती अगदी सहज, चपलेत शिरलेला खडा झटकावा तशी. ऑक्टोबरातली दुपार होती आणि लुसाकाच्या चिलेंजे भागातल्या त्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. फाटकाची कडी लावताना बाशी-चिलेक्वाने मान वर केली, तेव्हा कुंपणाच्या फटीतून त्याला एवढंच दिसलं : मित्राची पाठ, कोपरात वळलेला हात, आणि सकाळी आपण स्वतः भाजलेले शेंगदाणे कोरड्या गटारात पडताहेत. कागद मात्र बाशी-कासुबाने टाकला नाही. तो जन्माचा शिंपी. कागद काय नि कापड काय, वाया घालवणं त्याच्या हाताला ठाऊक नाही. त्याने कागदाची घडी केली, ती खिशात ठेवली आणि भिंतीच्या सावलीच्या कडेकडेने तो चालू लागला. नुकताच व्हरांड्यात बसून हाच माणूस म्हणाला होता, "आत्ता नको, बाशी-चिलेक्वा, दातात अडकतात. बांधून द्या, वाटेत खाईन."

कडी उन्हाने तापली होती, तरी त्याने हात काढला नाही. चोरी करताना आपणच पकडले गेलो आहोत अशी काहीतरी लाज त्याला वाटली, आणि बाशी-कासुबाने वळून पाहिलं तर काय, या भीतीने तो फाटकाआड किंचित वाकलासुद्धा. मग घरात आला. तव्यात उरलेले चार दाणे तोंडात टाकले. करपले होते का? थोडेसे. खारट? सांगता येईना. एकट्याने जेवणाऱ्याच्या जिभेला हळूहळू काहीच कळेनासं होतं. तिच्या म्हणण्याला हो किंवा नाही म्हणायला समोर कोणी नसतं. "खारट झालेत का ग?" त्याने विचारलं. स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून विचारलं, कारण ती तिथे उभी राहायची, पाठमोरी, खांद्यावरून बोलायची. उत्तर आलं. आवाज आला असं नव्हे. तो काही भ्रमिष्ट नव्हता. पण ती काय म्हणाली हे त्याला कळलं, नेहमीसारखं, त्याने विचार करायच्या आधी : भाजताना हातात पुस्तक धरलंत तर दुसरं काय होणार?

बाशी-चिलेक्वा म्हणजे चिलेक्वाचा बाप. थोरलं मूल झालं की आईबापांची नावं त्या मुलाच्या नावात बुडून जातात, त्याला त्याची खंत नव्हती. लामेक हे त्याचं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं. चिलेक्वा उत्तरेकडच्या खाणीत यंत्रं चालवायचा, रविवारी फोन करायचा, "बाबा, जेवलात का?" विचारायचा आणि उत्तर ऐकता ऐकता दुसऱ्या कोणाशी तरी बोलायला लागायचा. बायको बाना-चिलेक्वा, चिलेक्वाची आई. तिचं खरं नाव फेलिस्टा. ते त्याने उभ्या आयुष्यात तोंडाने उच्चारलं नाही, मनात मात्र रोज उच्चारलं. आणि ती गेल्यावर त्याला प्रश्न पडला की मनातला हा उच्चार तिला कधी ऐकू गेला असेल का. ती जाऊन दुसरा हिवाळाही सरला होता. या काळात त्याच्या घरात कोणी काही खाल्लं होतं का? शहराच्या वाचनालयात त्याने हयात काढली होती आणि प्रत्येक गोष्ट जिथल्या तिथे ठेवायची त्याला सवय होती. मित्र सिंबेयेने चहाचा कप हातात धरून धरून गार केला, ती गोष्ट एका फळीवर. दुसरा मित्र जेरे, त्याला व्हरांड्याच्या आत बसलं की गुदमरायला होतं, ती दुसऱ्या फळीवर. शेजारीण नातीला हाक मारून परत नेते, हातातला रताळ्याचा तुकडा काढून घेते, ती आणखी कुठेतरी. त्या दुपारी सगळ्या फळ्या एकदम खाली आल्या. आणि त्यातून त्याने जो अर्थ काढला तो त्याच्या स्वभावाला धरूनच होता. आपल्याला स्वयंपाक येत नाही, हा तो अर्थ. लोक भले आहेत, तोंडावर बोलत नाहीत, इतकंच.

वर्गाची कल्पना त्याला दवाखान्याच्या बाकावर सुचली. तिथल्या नर्सने त्याच्या दंडाला पट्टा आवळला होता आणि आकडा पाहून जीभ टाळूला लावून चक् केलं होतं. "प्रेशर आहे, बाबा. मीठ कमी करा. तेल कमी करा. आणि तो पांढऱ्या पिठाचा डोंगर रोज ताटात असतो ना, तोही कमी." बाकावर त्याच्यासारखेच म्हातारे बसले होते आणि प्रत्येकाला ती हेच सांगत होती. त्याला वाटलं, आपल्या चौघांचंही हेच आहे. सिंबेयेला साखर आहे, जेरेला प्रेशर, बाशी-कासुबाला दोन्ही. शनिवारी चौघांनी आपल्या घरी जमावं. फार काही नाही, मित्रामित्रांत. एका शनिवारी एक पदार्थ. कमी तेलातला, कमी मिठाचा. शिकता शिकता शिजवायचं आणि शिजवलं की बसून खायचं. स्वतः शिजवलेलं माणूस टाकत नाही. ही शेवटची गोष्ट सुचली तेव्हा त्याला स्वतःच्या हुशारीचा आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची शरम वाटली. वर्ग म्हणावं की नको? वर्ग म्हटलं की आपण गुरुजी झालो, आणि आपल्याला तरी काय येतं? नुसतं "जमू या" म्हणावं. पण नुसतं जमू या म्हटलं तर ते येऊन व्हरांड्यात बसतील, गार चहा धरून. घरी जाईपर्यंत तो वाक्य घडवत होता आणि मोडत होता, आणि घरी खिडकीकडे तोंड करून ते त्याने म्हणून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, एवढं लांब वाक्य संपेपर्यंत त्यांना भूक राहायची नाही.

बाशी-कासुबाचं दुकान म्हणजे बाजाराच्या तोंडाशी पत्र्याची एक खोली, शिवणयंत्र आणि एक बाक. बाकावर जेरे आणि सिंबेये नेहमीचे. जेरेने आयुष्यभर बस हाकली, त्यामुळे तो अजूनही मागच्या सीटपर्यंत पोचेल इतक्या मोठ्याने बोलतो. सिंबेये शाळेचा हेडमास्तर होता, आता चर्चमध्ये वडीलधारा म्हणून पहिल्या रांगेत बसतो. बाशी-चिलेक्वाने सगळं वाक्य एका दमात म्हटलं.

"म्हणजे स्वयंपाकाचा वर्ग," जेरे म्हणाला. "म्हाताऱ्या पुरुषांचा."

"वर्ग असं नाही. आपलं घरगुती."

"आणि नापास झालो तर? बायको आधीच घरात घेत नाही." जेरेने सिंबेयेच्या मांडीवर थाप मारली. "मास्तर, ऐकलं का? बेंबा आपल्याला जेवण शिकवणार. माकडं भाजून खाणारी जात."

"उंदराची शेपटी दाताने सोलणाऱ्या न्गोनींनी बोलू नये," बाशी-चिलेक्वा म्हणाला. हे त्याला बोलता यायचं, कारण हे सगळे बोलतात आणि त्यात स्वतःचं काही घालावं लागत नाही. बेंबा आणि न्गोनी या दोन जमातींमधली ही थट्टा पणजोबांपासूनची; तिचा राग धरायचा नसतो. मयताच्या घरीसुद्धा न्गोनीने यायचं, बेंबाची टर उडवायची, आणि जे दुसरं कोणी बोलू धजणार नाही ते बोलून टाकायचं. फेलिस्टाच्या वेळी जेरे खड्ड्याच्या काठावर उभा राहून ओरडला होता, "अरे, हिला एवढ्या खोल नका ठेवू, या माणसाला चहा कोण देणार?" आणि रडत असलेल्या बायका हसल्या होत्या.

आता मात्र जेरेने सिंबेयेकडे पाहिलं. सिंबेयेने बाशी-कासुबाकडे पाहिलं. बाशी-कासुबाने यंत्राचं चाक हाताने धरून थांबवलं, नसलेला धागा दाताने तोडला आणि म्हणाला, "येऊ की. शनिवारी ना? येऊ."

तो पूर्ण आठवडा त्याला सणासारखा गेला. भोपळ्याची पानं घ्यायची, कोवळी. शेंगदाण्याचं कूट घालून शिजवायची, म्हणजे वेगळं तेल लागत नाही. कोंड्यासकट दळलेलं मक्याचं पीठ, त्याची उबाली, म्हणजे रोजच्या जेवणातला तो घट्ट घोटलेला उकडीचा गोळा. गरिबांचं पीठ म्हणून लोक नाकं मुरडतात, पण आहाराच्या पुस्तकात त्याची स्तुती होती. कुटासाठी त्याने उखळ काढलं, तर मुसळावर तिच्या हातांची जागा गुळगुळीत झालेली होती, आणि त्याचे हात लांब असल्यामुळे तिथे बसेनात. त्याने मुसळ खाली धरलं, तिच्या जागी. चाळीसएक वर्षं तो तिचा स्वयंपाक फक्त ऐकत आला होता. तो शेजारच्या खोलीत टेबलाशी वाचत बसायचा, मधलं दार अर्धं लोटलेलं. पानांच्या शिरा सोलताना येणारा बारीक चिर्र आवाज, रेडिओ, आणि मग उबाली घोटताना लाकडी उलथन्याचा : आधी थपथप, मग पीठ घट्ट होत गेलं की एक जड, दमलेला सुस्कारा. त्या सुस्काऱ्यानंतर ती हाक मारायची. स्वयंपाकघरात तो पाणी प्यायला तेवढा जायचा, तेही ती म्हणायची, मला सांगायचं होतंत, पुरुषाने चुलीच्या वाटेत कशाला यावं. म्हणून आता उबाली झाली की नाही हे त्याला डोळ्यांनी कळायचं नाही. तो डोळे मिटून घोटायचा आणि तो सुस्कारा ऐकू आला की थांबायचा. असं तो शिकला होता, पुस्तकातून अर्धं आणि अर्ध्या लोटलेल्या दारातून अर्धं.

शनिवारी तिघं एकदमच आले. सिंबेयेने टाय लावला होता. जेरेने बायकोचं फुलाफुलांचं चितेंगे कमरेला गुंडाळलं होतं आणि गल्लीतून तसाच चालत आला होता. पोरं मागे लागली होती म्हणे. बाशी-कासुबाने स्वतःची कात्री आणली. "सुरीने मला कापता येत नाही," तो म्हणाला, आणि खरोखरच त्याने भोपळ्याची पानं कात्रीने अशी कापली की सगळ्या पट्ट्या एका मापाच्या. चौघं त्या लहानशा स्वयंपाकघरात मावत नव्हते, कोपर कोपराला लागत होतं. बाशी-चिलेक्वा बोलायचं ठरवलेलं सगळं विसरला. शिरा कशा सोलायच्या ते त्याने दाखवलं, तर सिंबेये म्हणाला, "असं नव्हे, असं. माझी आई असं करायची," आणि मग आयांवर गोष्ट गेली, कोणाची आई कशात काय घालायची. जेरे कांदा चिरताना रडत रडत म्हणाला, "बघा, न्गोनी माणूस बेंबाच्या घरी रडतोय. लिहून ठेवा कुठेतरी." विजेच्या शेगडीवर पातेलं चढलं. पानं मऊ झाली, कूट पडलं, आणि तो वास आला. बाशी-चिलेक्वाने खिडकीकडे पाहिलं. खिडकीशी जेरे उभा होता, पाठमोरा, आणि तरीही त्याला वाटलं, ठीक आहे, त्याच्या पलीकडे ती मावेल.

मग वीज गेली. शेगडीची लाल तार काळवंडली, मग राखेच्या रंगाची झाली. आजूबाजूच्या घरांतून एकच सुस्कारा निघाला, रोजचा.

"गेली," सिंबेये म्हणाला, आणि त्याच्या आवाजात बाशी-चिलेक्वाला सुटल्यासारखं काही ऐकू आलं.

"हरकत नाही. मागे शेगडी आहे, कोळशाची. आत्ता पेटवतो," तो म्हणाला. त्याला उलट आनंदच झाला होता; कोळशावर चव जास्त येते. तो मागच्या अंगणात गेला, पत्र्याच्या शेगडीत कोळसे रचले, कागदाचा बोळा घातला, काडी ओढली. तिघं त्याच्या मागे येऊन उभे राहिले होते. त्याला त्यांच्या चपला दिसत होत्या. त्यातली एकही हलत नव्हती.

"राहू द्या ना," बाशी-कासुबा म्हणाला. "झालंच आहे जवळजवळ. मला तसंही गोळी घेतल्यावर खाता येत नाही."

"मला चर्चमध्ये जायचंय. समितीची बैठक," सिंबेये त्याच वेळी म्हणाला.

दोघांची वाक्यं एकमेकांवर आदळली आणि दोघेही थांबले. काडी बाशी-चिलेक्वाच्या बोटापर्यंत आली होती.

"ती काडी विझव, बेंबा," जेरे म्हणाला. त्याने आवाज चढवला नव्हता, आणि तेच भयंकर होतं. "भाजेल. विझव. हां. आता ऐक. आम्ही येताना कोपऱ्यावर ठरवून आलो, जेवायची वेळ झाली की कोणी काय सांगायचं. एकेकाने सांगायचं असं ठरलं होतं. हे दोघे एकदम सुरू झाले. मास्तरांना वर्ग सांभाळता यायचा, पण खोटं बोलायला शिकवलं नाही कोणी."

"जेरे," सिंबेये म्हणाला.

"माझा हक्क आहे म्हणून बोलतो. दुसऱ्या कोणाचा नाही. तुझ्या बायकोच्या माणसांनी तुला शुद्धीचं पीठ लावलं नाही. मणी बांधला नाही. ती अजून तुझ्यावर आहे, आणि तू विस्तव पेटवतोस, त्यावर शिजवतोस, आणि खा म्हणतोस. अशा विस्तवावरचं खाल्लं की खाणाऱ्याच्या घरात आजार शिरतो."

बाशी-चिलेक्वा उकिडवाच होता. "पण आपण तर," तो म्हणाला, "आतापर्यंत विजेवर..."

"लाल होते ना ती? लाल होते तो विस्तव. मी काही शास्त्रज्ञ नाही."

"मी मानत नाही हे," सिंबेये म्हणाला. तो टायची गाठ चाचपत होता. "तुम्हाला माहीत आहे मी मानत नाही. देवासमोर सांगेन. पण सुनेचं तान्हं आहे घरी. संध्याकाळी मीच घेतो त्याला मांडीवर. मी मानत नाही, बाशी-चिलेक्वा, पण त्याला काही झालं तर मी काय म्हणू, मानत नव्हतो म्हणू?"

बाशी-कासुबा जमिनीकडे पाहत होता. तो म्हणाला, "शेंगदाणे चांगले होते." आणि मग, "म्हणजे, वासावरून."

त्यानंतर जे झालं त्याला बाशी-चिलेक्वा पुढे कितीतरी दिवस काय म्हणावं हे ठरवू शकला नाही. ते निघून गेले नाहीत. जेरे चितेंगे सावरत आपल्या घरी गेला, दोन गल्ल्या पलीकडे, आणि स्वतःच्या घरची शेगडी पेटलेल्या कोळशांसकट तारेच्या कडीला धरून झुलवत घेऊन आला, सोबत बायकोचं पातेलं. आतलं अर्धं शिजलेलं कालवण झाकून बाजूला ठेवलं गेलं. त्याकडे कोणी पाहिलं नाही, जसं घरातल्या आजाऱ्याकडे पाहुणे पाहत नाहीत. उरलेली पानं, उरलेलं कूट नव्या पातेल्यात गेलं. बाशी-चिलेक्वाला त्यांनी स्टुलावर बसवलं, जरा लांब. "तू सांग, आम्ही करतो. गुरुजी कधी हात लावतो का?" जेरे म्हणाला. तो सांगत गेला. आता थोडं पाणी. आता कूट, हलवत राहा. मीठ चिमूटभर. नाही, तेवढं नको. त्याचे हात मांडीवर पडले होते, दुसऱ्या कोणाचे तरी सांभाळायला दिल्यासारखे. उबाली घोटताना तो डोळे मिटून ऐकत होता आणि "झाली" म्हणाला तेव्हा खरोखर झाली होती. त्यांनी त्याचं ताट वाढलं, पाणी दिलं, सगळे जेवले. दुसऱ्याने शिजवलेलं अन्न त्याने इतक्या काळाने खाल्लं, आणि ते चांगलं होतं, आणि तो प्रत्येक घास पाण्याबरोबर ढकलत होता. जाताना जेरे शेगडी घेऊन गेला. अंगणातल्या मातीवर तिचा गोल काळा डाग राहिला, आणि त्याच्या शेजारी त्याची स्वतःची शेगडी, रचलेली, न पेटलेली.

बाना-कोंडे त्याला आठवली, फेलिस्टाची धाकटी बहीण. पुरल्यानंतर सगळे पांगले तेव्हा ती काब्वेहून पुन्हा आली होती, एका म्हाताऱ्या मावशीला घेऊन. हातात फडक्याने बांधलेला वाडगा. तो दारातच उभा राहिला. पास्टरने प्रार्थना केली आहे, तो म्हणाला. मी शिकलेला माणूस आहे. या प्रथांतून, विधुराला बायकोच्या नात्यातल्या बाईशी निजवण्यातून, काय काय आजार पसरले ते मी वाचलंय. "ते जुनं झालं, दाजी. आम्ही नुसतं पीठ लावणार," ती म्हणाली. "कपाळाला, हातांना. बस्स." तो हलला नाही. भाषण करत राहिला, तो, ज्याला चार माणसांत तोंड उघडता येत नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही तिला सोडत नाही," आणि तो अपमान आहे असं समजून त्याने दार लावलं. आता अंधारत चाललेल्या अंगणात बसून त्याला ते वाक्य पहिल्यांदा ऐकू आलं. विश्वास नसता तर लावून घेतलं असतं पीठ. नंतर तोंड धुतलं असतं. ज्यावर विश्वास नाही त्याला माणूस एवढ्या जोराने नाही कशाला म्हणेल? तिला पुरलं त्या दिवसापासून त्याच्या डाव्या खांद्यावर एक वजन होतं. बसमध्ये शेजारचं माणूस झोपलं की त्याचं डोकं येऊन टेकतं, तसं. त्या वजनाला धक्का लागू नये म्हणून तो दारात आडवा उभा राहिला होता. पीठ लावलं असतं तर ती उठली असती. भाषण फक्त त्यासाठी होतं. आणि मित्रांनी हे ओळखलं होतं, दीड वर्ष ओळखलं होतं, आणि दातांवर, गोळ्यांवर, बैठकांवर ढकलत आले होते; त्याला एकदाही सांगितलं नव्हतं की दोनातलं एक निवड, ती किंवा आम्ही.

तीनदा त्याने फोन उचलला आणि ठेवला. चौथ्यांदा पलीकडून लगेच आवाज आला.

"बाना-कोंडे, मी."

"हं, दाजी." तिने तब्येत विचारली नाही. "मी येऊ का?"

"ये."

"पीठ आहे ना घरात?"

"आहे. कोंड्याचं."

"म्हणजे?"

"दवाखान्यात सांगितलंय. पांढरं खायचं नाही म्हणून."

"त्याने नाही होत, दाजी," ती म्हणाली, आणि ती हसते आहे की रडते आहे हे त्याला कळेना. "ती काय म्हणाली असती तुम्हाला. राहू द्या. मी आणते पांढरं."

पुढच्या शनिवारी सकाळी ती आली, मावशीसह. अंगणात चटई टाकली. त्याने सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, जशा दवाखान्यात करतो. पीठ गार होतं. मावशीने ते कपाळावर ओढलं, दोन्ही दंडांवरून मनगटापर्यंत आणलं, आणि पुटपुटल्यासारखं बोलली, त्याच्याशी नव्हे, त्याच्या डाव्या बाजूला बघून : ऊठ, बाई, आता. खूप बसलीस. हा माणूस आमचाच आहे, त्याच्याकडे आम्ही बघू. मनगटाला पांढरा मणी बांधला. त्याला वाटलं होतं काहीतरी तुटेल, उचललं जाईल. तसं काही झालं नाही. पिठाने कातडी खाजली आणि शेजारच्या घरात कोणीतरी भांडी घासत होतं. मग बाना-कोंडेने काडीपेटी त्याच्या हातात दिली. त्याने कोळसे पेटवले, पाणी ठेवलं, चहा केला, आणि तो तिने पहिला घेतला, उभ्याउभ्याच, भाजत असतानाही शेवटच्या घोटापर्यंत. "गोड कमी आहे," ती म्हणाली. "पण चांगला आहे, दाजी." दुपारच्या गाडीने त्या गेल्या.

त्या शनिवारी सुक्या मासळीचा बेत होता, टोमॅटोत, तेलाशिवाय. तिघं आले, आणि फाटकातूनच जेरेने त्याचा हात धरून मणी पाहिला, उलटासुलटा करून, बाजारात वस्तू पारखतात तसा. "बरा बांधलाय," तो म्हणाला. "आता माकडसुद्धा खाऊ." आणि ते खाऊ लागले. शिजायच्या आधीच खाऊ लागले. बाशी-कासुबाने कोपऱ्यातल्या डब्यातून शेंगदाण्यांची मूठ भरून घेतली, न विचारता, आणि चावता चावता म्हणाला, "करपलेत जरा." सिंबेयेने टाय काढून खिशात कोंबला आणि उबाली दोनदा घेतली, तिसऱ्यांदा घेताना साखरेचं नाव काढून स्वतःलाच रागावला. जेरेने पातेलं मांडीवर घेऊन बोटाने पुसून काढलं. व्हरांड्यात त्यांचे आवाज एकमेकांवर चढत होते. पुढच्या खेपेला काय, कोणाच्या घरून काय आणायचं, बायकांनाही एकदा बोलवायचं का, त्यांना काही येतं का तरी बघू. घर भरलं होतं. तो प्रत्येकाच्या ताटाकडे पाहत होता, आणि प्रत्येक ताट रिकामं होत होतं, आणि त्याला इतकं बरं वाटत होतं की तिथे बसवेना.

"मीठ आण रे, बेंबा," जेरे म्हणाला. "नर्स बघत नाहीये."

तो उठला. स्वयंपाकघरात खिडकीतून उतरतं ऊन आलं होतं. मिठाचा वाडगा हातात घेऊन तो वळला आणि सवयीने खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "जेवले ग सगळे." म्हणाला आणि थांबला, फोनवर पलीकडून आवाज यायची वाट पाहतात तसा. बाहेर कोणीतरी हसलं. ऊन ओट्यावरून किंचित सरकलं. डावा खांदा हलका होता, उजव्याइतकाच. ती काय म्हणाली असती हे त्याला नीट माहीत होतं. तिचा शब्द न् शब्द, खांद्यावरून मागे वळायची तऱ्हा, सगळं माहीत होतं. पण आता ते त्यालाच म्हणावं लागणार होतं.

कानामागे थोडं पीठ राहिलं होतं. ते त्याच्या बोटांना लागलं, आणि त्याने ते तसंच राहू दिलं.

"मेलास की काय आत?" जेरेची हाक आली.

"आलो," तो म्हणाला, आणि मीठ घेऊन बाहेर गेला.